चौदा शुक्रवारांची व्हॅन

डॉ. देवीदास गावंडे यांना कुणाचा गळा कापायचा असला, की ते आधी चहा मागवत.

रविवारी सकाळी त्यांनी कनीजला केबिनमध्ये बोलावलं, तेव्हा टेबलावर कडक चहाचे दोन कागदी पेले तयार होते आणि शेजारी खजुराची बशी होती. कनीजनं बशी पाहिली आणि मनात म्हणाली, आज काही खरं नाही. नुसता चहा असला तर एखादा जादा वर्ग गळ्यात पडतो. खजूर आजवर एकदाच निघाले होते, आणि त्या दिवशी दोन माणसांची नोकरी गेली होती.

कनीज कमाल परकार. वय सत्तेचाळीस, गाव रत्नागिरी जिल्ह्यातलं, खाडीकाठचं. अकरा वर्षांपासून ती दोह्याच्या कडेला असलेल्या एका संशोधन संस्थेत राजकीय हिंसा आणि हुकूमशाही राजवटी हा विषय शिकवत होती. असला विषय म्हटला की लोकांना रणगाडे आणि पुतळे आठवतात. कनीजला हुकूमशहांमध्ये काडीचा रस नव्हता. तिला रस होता कारकुनांमध्ये. एकटा जनरल किती माणसं मारणार? त्याला याद्या करणारे लागतात, किल्ल्या सांभाळणारे लागतात, आज कोठडीत किती भाकऱ्या गेल्या हे सुवाच्य अक्षरात लिहिणारे लागतात. "हुकूमशाही बंदुकीनं येते आणि रजिस्टरवर टिकते," हे वाक्य ती दर वर्षी पहिल्याच तासाला मुलांच्या कानावर घालायची.

गेली चार वर्षं ती एकाच देशावर काम करत होती. त्या देशाचं नाव इथं घेत नाही, कारण ज्यांची माणसं अजून तिथं आहेत त्यांना ते पुरेसं ठाऊक आहे. तिथल्या बंदरावर एक जुनं गोदाम होतं. माणसं आत जायची, बाहेर यायची नाहीत. जी थोडी सुटली ती वाट फुटेल तिकडे पळाली, आणि त्यांतली एकेचाळीस माणसं आज दोह्यात होती. कुणी मॉलमध्ये फरशी पुसत होता, कुणी इमारतीच्या दारात पहारा करत होता, कुणी हॉटेलात भांडी घासत होता. कनीजनं एकेकाला शोधून बोलतं केलं होतं. एकेचाळीस माणसं आणि त्यांच्या जबान्या, असा तिच्या येणाऱ्या पुस्तकाचा ऐवज होता.

नावं मात्र तिनं कुठंच ठेवली नव्हती. प्रत्येकाला तिनं माशाचं नाव दिलं होतं, आणि तेही माणूस पाहून. बोलताना थरथरणारा तो बोंबील. गप्प बसून एकदम चावणारी गोष्ट सांगणारा तो मोरी. ज्याच्या बोलण्यातून काटे काढता काढता अख्खी दुपार गेली तो करली. खरी नावं तिनं पाढ्यांसारखी पाठ केली आणि यादीचा कागद तीन वर्षांपूर्वीच फाडून टाकला.

"खजूर घे," गावंडे सर म्हणाले. ते मूळचे अकोल्याचे. परदेशात दोन मराठी माणसं एका खात्यात असली की एक दुसऱ्याला घरचं समजतो, आणि घरच्या माणसाला वेठीला धरणं नेहमीच सोपं जातं. "कनीज, तुझं काम उत्तम चाललंय. म्हणून तर ती नवी भागीदारी जुळली. तिथल्या विद्यापीठाबरोबर."

"कुठल्या तिथल्या?"

त्यांनी त्या देशाचं नाव घेतलं, चहाचा घोट घ्यावा तसं सहज.

"त्यांचं म्हणणं एवढंच, की जबान्या तपासून पाहता आल्या पाहिजेत. माशांच्या नावांवर कोण विश्वास ठेवणार? खऱ्या नावांची यादी हवी. आपल्या आणि त्यांच्या समितीपुरती. फक्त फॉर्मॅलिटी आहे."

कनीजनं पेला खाली ठेवला. "सर, त्या विद्यापीठाच्या मंडळावर तिथं सत्तेवर असलेल्या जनरलचा मेहुणा बसतो."

"मंडळावर खूप जण बसतात."

"त्या माणसांची आईबापं, पोरं तिथं आहेत. यादी गेली तर काय होईल, हे तुम्हाला मी सांगू? तुम्ही तर पुस्तक लिहिलंय त्यावर."

गावंडे सरांनी खरोखरच पुस्तक लिहिलं होतं. चांगलं सहाशे पानांचं. हुकूमशाहीत साधी माणसं कशी वाकतात याचं त्यात इतकं सुरेख वर्णन होतं, की कनीज स्वतः ते वर्गात वाचून दाखवायची. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

सर रागावले नाहीत. त्यांनी ड्रॉवरमधून दोन कागद काढले आणि शेजारी शेजारी ठेवले. एक तिच्या करारनाम्याच्या नूतनीकरणाचा होता, फक्त सही बाकी. दुसरा कोरा होता, एक ते एकेचाळीस आकडे घातलेला.

"गुरुवारी दोन्ही एकदमच करू," ते म्हणाले. "घरी विचार कर. अलीजाचं दहावीचं वर्ष आहे ना?"

कनीज उठली. खजुराला तिनं हात लावला नव्हता.

*

अल नस्रमधल्या तिच्या फ्लॅटमध्ये त्या संध्याकाळी बांगडे तळले जात होते. तिची आई मैमुना जमिनीवर विळी मांडून कांदा चिरत होती. ही विळी गावाहून आलेली, आणि ओट्यावर उभं राहून सुरीनं चिरलेल्या कांद्याला चव नसते, हे मैमुनाचं ठाम मत होतं.

कनीजनं नवऱ्याला सगळं सांगितलं. मुदस्सिर शांत माणूस. त्याची कंपनी गेल्या वर्षी बंद पडली होती, आणि तेव्हापासून तो, अलीजा आणि मैमुना, तिघांचा इथला मुक्काम कनीजच्या नोकरीला टांगलेला होता. तिची नोकरी गेली की महिन्याभरात गाशा गुंडाळायचा, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. बोलून कुणी दाखवत नसे.

"मी यादी देणार नाही," कनीज म्हणाली. "मान ताठ ठेवून नाही म्हणणार. काढायचं तर काढा म्हणावं."

"मला कळतंय," मुदस्सिर म्हणाला. "फक्त पोरीचं वर्ष..."

सोफ्यावरून अलीजा म्हणाली, "डोन्ट गिव्ह इट, मम्मा." ती मराठी सगळं समजायची आणि उत्तर इंग्रजीत द्यायची.

"तू अभ्यास कर," दोघंही एकदम म्हणाले.

मैमुनानं कांद्यावरून मान वर केली नाही. "कनीज, ती मानसा तुझ्या भरवशावर बोलली ना गो? मग इचार कसला करतंस? बांगडो थंड होतोय, जेव आधी."

कनीज जेवली. खरं सांगायचं तर त्या रात्री ती बरीच खुशीत होती. वीस वर्षं तिनं इतरांच्या धैर्यावर निबंध लिहिले होते. आता तिची पाळी आली होती आणि ती तयार होती. गुरुवारी सरांना काय काय ऐकवायचं, याची वाक्यंही तिनं अंथरुणात पडल्या पडल्या घडवली. दोनतीन तर फारच छान जमली.

*

सोमवारी संध्याकाळी ती बरवा अल बराहाला गेली. बरवा म्हणजे कामगारांचं एक अख्खं गावच. एकसारख्या इमारती, एकेका खोलीत चारचार पुरुष. खोल्यांकडे बाईमाणसाला जाता येत नाही, म्हणून ती नेहमी बाजाराच्या बाजूला चहाच्या दुकानाबाहेर थांबे. याच अडचणीमुळे तिनं जबान्या संस्थेत घेतल्या होत्या. शुक्रवारी सुट्टी, संस्था रिकामी, थंड शांत खोली. संस्थेची व्हॅन सकाळी बरव्याला यायची, तीन माणसं उचलायची, संध्याकाळी परत सोडायची. असे चौदा शुक्रवार.

व्हॅन चालवायचा जालिंदर. बीड जिल्ह्यातला, केजजवळचा. सोळा वर्षं दोह्यात, बायको बबीता गावी. एका शब्दानं कधी त्यानं विचारलं नव्हतं, की ही माणसं कोण आणि रडून का परत जातात. परतताना तो फक्त वाटेत गाडी थांबवून त्यांना चहा पाजायचा.

तो आला तेव्हा त्याच्याबरोबर करली होता. दोघं एकाच इमारतीत राहत. करली त्या गोदामात कारकून होता. सहा वर्षं त्यानं आत येणाऱ्यांची नावं लिहिली होती, आणि एका सकाळी स्वतःच्या चुलतभावाचं नाव लिहायची वेळ आली तेव्हा लेखणी टाकून पळाला होता.

कनीजनं थोडक्यात सांगितलं. कुणी विचारायला आलं तर काही बोलू नका. मी यादी देणार नाही, आणि माझ्याशिवाय नावं कुणाला ठाऊक नाहीत.

जालिंदरनं कपाळाला आठ्या घातल्या. "आसं कसं म्याडम? नावं तर समदी लिवलेली हायेत की."

"कुठं?"

"ट्रिप शीटात. गाडीत कोन बसलं, त्याचं नाव, आयडीचा नंबर, कुटं बसला, कुटं उतरला. नियमच हाय तसा. येक बी शुक्रवार चुकवला न्हाई मी." हे तो अभिमानानं सांगत होता. "वरचं पान ट्रान्सपोर्ट हापिसात जातं. खालचं कार्बनचं माझ्यापाशी. बिस्किटाच्या डब्यात ठिवलंय. वाटलं तर आनून दावतो."

कनीजनं मनातल्या मनात शुक्रवार मोजले.

तिनं काय केलं नव्हतं? ध्वनिमुद्रणं कुलपात ठेवली, माणसांना मासे बनवलं, यादी फाडली. आणि एकेचाळीसच्या एकेचाळीस माणसांना तिनं स्वतः, स्वतःच्या सहीच्या मागणीपत्रावर, रजिस्टरवाल्या गाडीत बसवलं होतं. मुलांना दर वर्षी सांगायची, रजिस्टर हे पहिलं हत्यार असतं. तेच हत्यार तिनं चौदा वेळा भरून दिलं होतं, व्हॅनमध्ये एसी आहे म्हणून. तिला इतकी शरम वाटली की दोघांकडे बघवेना. कालची ती छान छान वाक्यं आठवली, आणि स्वतःचाच राग आला. ती गुरुवारी मान ताठ करून नाही म्हणणार, आणि गावंडे सर फोन उचलून ट्रान्सपोर्ट ऑफिसातून फाईल मागवणार. ताठ मान काय चाटायची होती?

करलीला मराठी येत नव्हती, पण ट्रिप शीट हा शब्द त्याला कळला होता. तो मोडक्या हिंदीत हळूच म्हणाला, की मॅडम, मी सहा वर्षं लिहीत होतो. ज्याचं नाव कागदावर नव्हतं, त्याला शोधायला कधीच कुणी गेलं नाही. एवढं बोलून तो आपल्या हातांकडे बघत बसला.

जालिंदरला आता सगळा उलगडा झाला. त्याचा चेहरा पडला. "म्हंजी मी लिवलं म्हनून..."

"तुम्ही नियम पाळलात, भाऊ. चूक माझी आहे."

"म्याडम, मी लिवलं तर मीच निस्तरतो. सांगतो, की गाडी मीच पळवली. माझे गाववाले फिरवले. काढत्याल कामावरनं. जाईन गावाकडं."

"अजिबात नाही," कनीज इतक्या मोठ्यानं म्हणाली की दुकानदारानं वळून पाहिलं.

जालिंदर मान खाजवत म्हणाला, "पर म्याडम, त्यो पिवळा फारम हाय ना."

"कसला पिवळा फॉर्म?"

"तुम्हाला ठावं न्हाई? गावंडे सायबाचे सासूसासरे आले हुते अकोल्याहून. मीच फिरिवलं त्यांस्नी, सूक वाकिफच्या जुन्या बाजारात. संस्थेच्या गाडीत. आडिटवाल्यानं धरलं. मंग सायबानं तो फारम काढला. खाजगी वापर. मान्य करायचं, की बाबा, गाडी घरच्या कामाला वापरली, सही करायची, दंड भरायचा. मंग ती शीट फायलीतनं काढून तुमची तुम्हाला परत. घरच्या पाहुन्यांची नावं, नंबर संस्थेनं ठिवायचे न्हाईत, आसं सायबानं सोता लिवलंय त्यात. सासूचा पासपोर्ट नंबर फायलीत नको हुता त्यांस्नी."

कनीजला हसू आलं, आणि लगेच पुढचं दिसलं तसं ते मावळलं.

"एकदा वापरली तर दंड," ती म्हणाली. "चौदा वेळा वापरली तर?"

"मंग चोरीच की वो," जालिंदर म्हणाला, आणि जीभ चावली.

*

मंगळवारी घरात पहिल्यांदा आवाज चढले.

"नोकरी सोडून द्यायची तर दे," मुदस्सिर म्हणाला. "मी काही बोललो का? तत्त्वासाठी सोडलीस, असं दहा लोकांत सांगता येईल. पण गाडी चोरली म्हणून काढलं? हे पत्र आयुष्यभर मागं लागेल, कनीज. कुठलंही विद्यापीठ संदर्भ मागवेल, आणि त्यांना कळवतील, की बाईनं संस्थेची व्हॅन घरच्या कामाला लावली. वीस वर्षं घासलीस ती यासाठी?"

त्याचं खरं होतं, आणि तेच तिला टोचत होतं. नोकरीवर पाणी सोडायची तिची तयारी होती. नावावर पाणी सोडायची नव्हती. ज्या विषयात तिनं केस पांढरे केले त्यातून तिला हुतात्मा म्हणून बाहेर पडायचं होतं, भुरटी म्हणून नाही. हे स्वतःशी कबूल करताना तिचे कान तापले.

तिचे वडील कमाल परकार एकतीस वर्षं याच शहरात एका व्यापाऱ्याकडे कारकून होते. त्यांचं अक्षर मोत्यासारखं होतं. एकदा मालकानं त्यांना दोन आजारी मजुरांची नावं गैरहजेरीच्या यादीत लिहायला सांगितलं, म्हणजे त्यांना परत पाठवता येईल. कमाल म्हणाले, माझा हात दुखतो. आठवडाभर त्यांचा हात दुखत राहिला. मालक त्यांना कामचुकार म्हणाला, सगळ्यांसमोर म्हणाला, आणि ते ऐकून घेऊन घरी आले. कनीजला ही गोष्ट लहानपणी फार कमीपणाची वाटायची. तोंडावर का नाही बोलले? आज तिला कळलं, की तोंडावर बोलले असते तर मालकानं दुसऱ्या हातानं ती नावं लिहून घेतली असती.

"अम्मी," तिनं विचारलं, "लोक गावात म्हणतील, कमालची पोर चोर निघाली."

मैमुना भाजी निवडत होती. "म्हणतील तर. तुझ्या बाबालाय म्हणाले होते कामचोर. ते दोघंव मजूर मरेपर्यंत ईदीला फोन करायचे. म्हणणारा मालक कुठं हाय आता, मना दाखव."

मुदस्सिर खिडकीपर्यंत गेला आणि वळून म्हणाला, "त्या फॉर्मवर नवऱ्याची सही लागते का?"

"नाही."

"लागली असती तर केली असती," तो म्हणाला, आणि अलीजाच्या शाळेत दाखल्याचं विचारायला फोन लावला. कनीजच्या डोळ्यांत पाणी आलं, ते तिनं पुसलं नाही.

*

बुधवारी ती ट्रान्सपोर्ट ऑफिसात गेली. तिथला कारकून इम्रान, रायगडातला, म्हसळ्याचा. तोंडानं मवाळ, नियमाला कडक. तिनं पिवळा फॉर्म मागितला तेव्हा त्यानं तो हसत दिला. तिनं चौदा मागितले तेव्हा त्याचं हसू गेलं.

"मॅडम, तीनच्या वर गेलं की शिस्तभंग लागतो. वरती जातं. मागं फिरवता येत नाय."

"मला माहीत आहे."

ती बसून लिहू लागली. तारीख. किलोमीटर. चालकाला कल्पना होती का? नव्हती, त्यानं माझी सही पाहून गाडी काढली, असं तिनं चौदा वेळा लिहिलं. प्रवाशांची संख्या. तीन, तीन, तीन, शेवटच्या शुक्रवारी दोन. मग रकाना आला, प्रवाशांचं कर्मचाऱ्याशी नातं. तिथं तिनं लिहिलं, भाऊ.

इम्राननं एकेक फॉर्म घेतला. नियमाप्रमाणे फाईल काढली, तारखा जुळवल्या. ट्रिप शीटवर जालिंदरच्या हातची ती लांबलचक, परक्या देशातली नावं त्यानं पाहिली. एकाचंही कोकणाशी दूरचंसुद्धा नातं नव्हतं. त्यानं कनीजकडे पाहिलं.

"सगळे भाऊ?"

"सगळे."

"सख्खे?"

"फॉर्मवर विचारलेलं नाही."

इम्राननं शिक्का हातात घेतला. काय कळलं त्याला, आणि किती, हे त्याचं त्याला ठाऊक. मग त्यानं चौदा वेळा शिक्का मारला आणि चौदा पानं फाईलमधून काढून तिच्यापुढं सरकवली. "कॉम्प्युटरवर नुसते किलोमीटर जातात, मॅडम. नावं या पानावरच असतात. खलास."

दुपारी घरी मैमुनानं विळी मांडली. चौदा पानं, आणि जालिंदरनं डब्यासकट आणून दिलेली चौदा कार्बनची पानं. मैमुनाला वाचता येत नव्हतं. ती कांद्यासारखे त्यांचे बारीक धागे करत गेली आणि अलीजा ते बादलीत भिजवत गेली. लगदा झाला तेव्हा मैमुनानं हात धुतले आणि विळी दुमडून ठेवली.

*

गुरुवारी गावंडे सरांच्या टेबलावर पुन्हा खजूर होते.

"नाही," कनीज म्हणाली आणि एक ते एकेचाळीस आकड्यांचा कागद कोराच परत ठेवला.

सर हसले. त्यांनी ही गोष्ट गृहीतच धरली असावी. "मला वाटलंच होतं. तुझ्यावर राग नाही माझा, तुला पेलणार नाही हे मी ओळखलं होतं. म्हणून तुझ्या डोक्यावरचं ओझं मीच उतरवतो. ती माणसं शुक्रवारी आपल्या व्हॅननं यायची ना? तू काही सांगूच नकोस. तुझं इमान तुझ्यापाशी, यादी माझ्यापाशी. कशी वाटते आयडिया?"

त्यांनी फोन उचलला. "इम्रान, डॉक्टर परकारांच्या शुक्रवारच्या ट्रिप शीट वर पाठव."

पलीकडून इम्रान बराच वेळ बोलला. सरांचा चेहरा हळूहळू बदलत गेला. "कुणाच्या परवानगीनं?" त्यांनी विचारलं, आणि उत्तर ऐकून फोन खाली ठेवला. ते उत्तर कनीजला माहीत होतं. तुमच्याच, सर.

पाच मिनिटांत शिपाई चौदा पिवळे फॉर्म ठेवून गेला. सरांनी ते वरपासून खालपर्यंत वाचले. पहिल्यांदाच त्यांच्या आवाजातला गोडवा गेला.

"वेडी आहेस का तू? याचा अर्थ कळतो? हे तत्त्व नाही, कनीज, ही चोरी आहे. कागदावर तू चोर आहेस. मला संदर्भपत्रात हेच लिहावं लागेल."

"लिहा."

"कुठं उभं करणार नाहीत तुला."

"पुस्तक उभं राहील. प्रकाशकाला मी संस्थेचं नाव काढायला सांगितलंय."

"एकेचाळीस भाऊ!" त्यांनी फॉर्म टेबलावर आपटले. "नावं काय आहेत तुझ्या भावांची?"

"फॉर्ममध्ये नावाचा रकाना नाही, सर. तुम्हीच ठेवला नाहीत." ती उठली. "सासूबाईंना माझा सलाम सांगा. सूक वाकिफ आवडलं ना त्यांना?"

दाराशी तिला आठवलं, की रविवारी रात्री घडवलेल्या वाक्यांतलं एकही ती बोलली नाही. त्याचं तिला काही वाटलं नाही. मागे वळून तिनं बशीतला एक खजूर उचलला, तोंडात टाकला आणि बी त्यांच्या कोऱ्या यादीवर ठेवून बाहेर पडली.

खाली उन्हात जालिंदर व्हॅन लावून उभा होता. तिच्या हातात पुस्तकांची खोकी बघून तो धावला, खोकी मागं चढवली आणि दार उघडून धरलं.

"मला नका बसवू, भाऊ," ती म्हणाली. "मी आता इथली नाही. मला बसवलं तर शीट भरावी लागेल."

"भरंन की," जालिंदर म्हणाला. त्यानं खिशातून पेन काढलं, पॅड मांडीवर घेतलं आणि तिच्याकडे न बघता विचारलं, "नाव काय लिवू, म्याडम?"

"कनीज कमाल परकार," ती म्हणाली. "पूर्ण लिहा. आणि दाबून लिहा, खालच्या पानावर उमटलं पाहिजे."